धुळवडीचा चारा

"सूनबाई, शेंगपेंड कुठं मिळते गं हल्ली?"

मामंजींनी हे विचारलं तेव्हा मी चुलीपुढं होते आणि तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. पेंडीचं काही नव्हतं. पण कित्येक महिन्यांत त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. एरवी आमच्या घरात 'वाढलंय' आणि 'दार लावून घे' एवढ्या दोन वाक्यांवर दिवस निघायचा.

"तेलघाण्यावर मिळत असेल," मी म्हणाले. "म्हैस घेताय काय?"

"धुळवड चार दिवसांवर आली."

भाकरी करपली होती. ती मी माझ्या ताटात टाकली आणि दुसरी थापायला घेतली. धुळवड म्हटल्यावर मला पुढचं सगळं कळलं होतं, पण ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. माणसाला लाज असते की नाही, ते बघायचं होतं.

मामंजी एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं स्टँडवरच्या त्या खिडकीत बसून गाड्या सोडल्या, म्हणून रिटायर झाले तरी त्यांचं सगळं मिनिटावर. आंघोळ सहा दहा, चहा सहा पस्तीस. त्यांचा एकच शौक होता, गळानं मासे धरायचा. आमच्या गावापासून सहा कोसांवर धरणाचं पाणी पसरलंय, पलीकडचा काठ धुक्यात दिसत नाही एवढं. होळी जळाली, थंडी पळाली, की तिथला मासा खोल पाण्यातून काठाला येतो. आणि आमच्या घरचा नियम ठरलेला होता. धुळवडीला पहिला चारा, रंगपंचमीला पहिला गळ.

चारा म्हणजे काय ते सांगते. नुसता गळ टाकून मोठा मासा लागत नाही. आधी चार दिवस एकाच जागी, एकाच वेळेला त्याला जेवायला घालायचं. भाजलेली शेंगपेंड, गव्हाचा कोंडा, मेथी आणि गूळ एकत्र कुटून सैल कापडात पुरचुंडी बांधायची, आत एक खडा घालायचा आणि पाण्यात सोडायची. पुरचुंडी तळाला बसते, चारा हळूहळू झिरपतो. माशाला सवय लागते. पाचव्या दिवशी तो वेळेवर येतो, तेव्हा चाऱ्याऐवजी गळ असतो. हे मामंजींनी त्यांच्या मुलाला शिकवलं होतं. मुलगा म्हणजे आमचे हे.

"मग, जाणार कुणाबरोबर?" मी विचारलं.

"माझा गुडघा बघतेस ना. फाट्यापासून पाण्यापर्यंत मैलभर चालायचं, ते रोज नाही जमायचं. चार दिवस चारा तू टाक. पंचमीला मी येतो, हळूहळू. दोघं जाऊ."

मी हातातलं पीठ परातीत झटकलं.

"मामंजी, पंचमीला काय आहे ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"आहे."

"वर्ष होतंय माझ्या मुलीला. त्या दिवशी मी मासे धरायला येऊ? तुम्हाला काही वाटतं का?"

ते ताटावर बसले. जेवले, ताट उचललं, विसळून ठेवलं. वर्षभर ते स्वतःचं ताट स्वतः विसळत होते. मी कधी सांगितलं नव्हतं, त्यांचं तेच.

आदल्या वर्षीची रंगपंचमी. मला दिवस भरायला वीस दिवस होते. माझं माहेर असं उरलं नव्हतं, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच होणार होतं. पहाटे मी ह्यांना म्हणाले, आज नका जाऊ, पोटात कसंतरी होतंय. हे थांबले. पिशवी खाली ठेवली. तेवढ्यात बाहेरून मामंजी म्हणाले, "पहिलटकरणीला होतं असं. चल दिगू, गाडी चुकेल." ह्यांनी माझ्याकडं बघितलं, पिशवी उचलली आणि म्हणाले, बाराच्या गाडीनं येतो.

बाराच्या गाडीनं आले नाहीत. मासे लागत होते. तिकडं एकावर एक मासे लागत होते आणि इकडं शेजारच्या हिराकाकूंनी मला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. तासभर होती. गोरी होती, कानाच्या पाळ्या अगदी ह्यांच्यासारख्या. बाप सापडेना, धरणावर निरोप कोण नेणार. हिराकाकूंच्या मालकांनी दुपारी तिला नेऊन पुरलं. ह्यांना तिचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

संध्याकाळी मला घरी आणलं तेव्हा हे दारात उभे होते. अंगात निळा चौकड्याचा शर्ट, डाव्या बाहीवर मीच केलेलं रफू, आणि त्या रफूवर माशाचे खवले चिकटलेले. काय काय बोलले मी, सगळं आठवत नाही. मी बोलायला पहिल्यापासून फटकळ. पण शेवटचं वाक्य आठवतं. "पुन्हा मला तोंड दाखवू नका," असं म्हणाले मी. ह्यांनी मासे पायरीवर ठेवले आणि गेले ते गेलेच. त्याच शर्टावर. मासे रात्री मांजरांनी नेले.

रागात बाई काय बोलत नाही? पण माणसानं ते शब्दाला शब्द धरून पाळावं? मामंजींनी जिल्ह्यातल्या सगळ्या डेपोंत सांगून ठेवलं. मार्गावरचा प्रत्येक ड्रायव्हर, प्रत्येक कंडक्टर नजर ठेवून होता. वर्षभरात काही कळलं नाही. आहे की नाही, हेही कळलं नाही. बायका मला कुंकू लावताना बघायच्या आणि आपसात काहीतरी बोलायच्या. मला तेव्हा वाटायचं, मला काय, आले तरी माझा राग जाणार नाही. आणि तरी अंगणात कुणाची चप्पल वाजली की माझा हात थांबायचा. दोन्ही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी घरात नव्हते. तासाभरानं आले ते भिंतीला धरून. गुडघा सुजला होता आणि खांद्यावर पेंडीची पिशवी होती. पिशवी त्यांनी उखळापाशी ठेवली, कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून पुढं घेतलं आणि पेन्सिलीनं लिहायला बसले. मला वाचायला यावं म्हणूनच मोठ्या अक्षरात लिहीत होते, हे मला कळत होतं.

पाच चाळीस, घर सोडणे. सहा पाच, गाडी. सहा चाळीस, धरणफाटा. सात वाजता चारा, एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. आठ पंधरा, परत गाडी. खाली पंचमीचा वेगळा रकाना होता. काठ्या दोन. मोरपिसाचे देठ चार. भाकरी सहा. आणि सगळ्यात शेवटी, 'प्रवासी : जाताना दोन. येताना' आणि पुढं कोरं.

"भाकरी सहा कशाला? तुम्हाला दीड जात नाही," मी म्हणाले.

"पाण्यावर भूक लागते."

"आणि हे येताना काय? येताना काय आपण तिथं राहणार आहोत?"

"ते तेव्हाचं तेव्हा लिहायचं असतं," ते म्हणाले. "गाडी सुटताना आकडा भरतात. आधी भरत नाहीत."

स्टँडवरच्या सवयी, दुसरं काय, असं मला वाटलं. मी तवा चुलीवर ठेवला आणि पेंड भाजायला घेतली. का घेतली, हे मी पुढं पुष्कळदा स्वतःला विचारलं. त्यांची दया आली म्हणून नाही. मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. वर्षभर मी नळ आणि पिठाची गिरणी यांच्यापलीकडं गेले नव्हते. कुणीतरी मला एक वेळ, एक गाडी आणि एक काम दिलं होतं, आणि तेवढ्यावर मी निघाले.

धुळवडीच्या सकाळी गाडीत मी आणि एक दूधवाला. कंडक्टरच्या कानामागं रंग होता. फाट्यावर उतरले आणि चालायला लागले. पाणी मागं सरकून मोकळ्या झालेल्या गाळात कुणीकुणी कलिंगडं लावली होती. त्याच्यापुढं नुसता काठ, आणि मग पाणी. एवढं पाणी मी आधी बघितलं नव्हतं. माझा नवरा दर वर्षी ज्याच्यासाठी घर सोडायचा ते हे, असं मनात आलं, आणि मला त्या पाण्याचा राग आला.

जागा मामंजींनी पाठ करून घेतली होती. धरणात बुडालेल्या गावाची एक वाळकी चिंच पाण्यात उभी होती, काठापासून वीस हातांवर. तिच्या डावीकडं काळा सपाट दगड. दगडावर उभं राहायचं आणि चिंचेच्या अलीकडं टाकायचं. मी माझ्या जुन्या पिवळ्या लुगड्याच्या फडक्यात पाच पुरचुंड्या बांधून आणल्या होत्या. सात वाजता त्या टाकल्या. पाणी हललं, थांबलं. मी जायला वळले, तेवढ्यात चिंचेपाशी बुडबुडे यायला लागले. एक रांग, मग दुसरी, मग पाणी खालून ढवळल्यासारखं झालं.

घरी आल्यावर मामंजी दारातच होते. "टाकलास?"

"टाकला. लगेच बुडबुडे आले. पुष्कळ आले."

ते बसलेले उभे राहिले. "लगेच म्हणजे? पहिल्याच दिवशी?"

"मी वळले पण नव्हते."

"तिसऱ्या दिवसाशिवाय येत नाहीत," ते स्वतःशीच म्हणाले. मग दोनदा विचारून त्यांनी जागेची खात्री केली, चिंच कोणती, दगड कोणता. शेवटी म्हणाले, "उद्यापासून अर्धाच टाक. अडीच पुरचुंड्या."

"अडीच कशी बांधू?"

"दोन टाक मग."

मी दोन टाकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही पाच टाकल्या, तिसऱ्या दिवशी सहा. सांगते का. तिसऱ्या दिवशी मी दगडावर पाय ठेवला आणि पुरचुंडी टाकायच्या आधीच पाणी हललं. मोठमोठ्या काळ्या पाठी वर आल्या आणि खाली गेल्या. सात वाजले होते आणि ते आले होते. वर्षभरात माझ्या येण्याची वाट कुणी बघितली नव्हती. मी तिथंच दगडावर बसले आणि रडले, अगदी आवाज काढून, तिथं ऐकायला कोण होतं. मुलगी गेली तेव्हा रडले नव्हते. तेव्हा मला नुसता राग होता. त्या दिवशी मी माशांना तिच्या कानाच्या पाळ्यांचं सांगितलं. वेड लागलंय म्हणाल तर म्हणा. डोळे पुसले आणि सहाच्या सहा पुरचुंड्या टाकल्या. चौथ्या दिवशीही सहा.

"दोनच टाकल्यास ना?" मामंजी रोज विचारायचे, आणि मी रोज हो म्हणायची.

पंचमीच्या दिवशी पाच चाळीसला आम्ही घर सोडलं. मामंजींनी धुतलेला सदरा घातला होता, दाढी केली होती. मैलभर चालायला त्यांना पाऊण तास लागला. दर पन्नास पावलांवर थांबायचे आणि गुडघ्याकडं न बघता काठाकडं बघायचे, लांब, दोन्ही बाजूंना. मला वाटलं, म्हातारा खूश आहे, वर्षानं आलाय.

दगडावर बसून त्यांनी काठ्या जोडल्या. तंगुसाच्या बारीक नायलॉन दोरीला मोरपिसाचा देठ कसा बांधायचा, कणकेची गोळी गळावर कशी बसवायची, ते मला दाखवलं. पीस पाण्यात उभं राहतं, मासा लागला की ते बुडतं. पीस बुडालं की हिसका द्यायचा.

"हिसका दिल्यावर?" मी म्हणाले.

"ते लागल्यावर सांगतो."

साडेसात होऊन गेले होते, तरी पाठी वर आल्या, काल आल्या होत्या तशाच. पीस उभं होतं. आठ झाले, साडेआठ झाले. मासे गळाच्या आजूबाजूला फिरत होते, एक तर पिसाला अंग घासून गेला, पण तोंड कुणी लावलं नाही. ऊन चढलं. मामंजींनी दोनदा गोळी बदलून बघितली. साडेनऊला त्यांनी काठी खाली ठेवली आणि माझ्याकडं वळले.

"सूनबाई, खरं सांग. किती टाकत होतीस?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "पहिले दोन दिवस पाच. मग सहा."

"सहा." त्यांचा चेहरा एकदम पडला. मासे लागत नाहीत म्हणून एवढं तोंड पाडायचं, मला कळेना. "म्हणजे तुझ्याच चाऱ्यानं पोटं भरलीत त्यांची. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. चल, दोरी गुंडाळ."

मी काठी ओढली तर ती येईना. गळ तळाशी कशाला तरी अडकला होता. मी झटका दिला, मामंजींनी दोरी हाताला गुंडाळून हळूहळू ओढली, आणि गळाला अडकून एक पुरचुंडी वर आली. चाऱ्यानं अजून अर्धी भरलेली. मामंजींनी ती नाकाशी नेली.

"आंबलेला नाही," ते म्हणाले. "आजचाच आहे. पहाटेचा. आज तू टाकलास?"

"आज कुठं टाकला? आज गळ होता ना."

मी ती त्यांच्या हातातून घेतली. माझ्या पुरचुंड्या पिवळ्या होत्या. ही निळी होती, चौकड्याची. मी गाठ सोडली, चारा पाण्यात सांडला आणि ते कापड तळहातावर पसरलं. बाहीचा तुकडा होता. त्याच्यावर रफू होतं. माझं रफू मी ओळखते, मी टाका जरा तिरका घालते.

मामंजी खाली बसले. हसत होते की रडत होते, दोन्ही असेल. "आहे," ते म्हणाले. "आहे गं. धुळवडीपासून टाकतोय. मला पहिल्याच दिवशी शंका आली होती, आधी चारा पडल्याशिवाय मासा असा लगेच येत नाही. नियम मोडला नाही पोरानं."

तेव्हा मला सहा भाकरी कळल्या. कोरा ठेवलेला आकडा कळला.

"तुम्ही मला ह्याच्यासाठी आणलंत," मी म्हणाले.

"हो."

"मासे धरायला नाही."

"मासे काय, बाजारात मिळतात." त्यांनी समोर बघितलं. खाडीसारखा आत घुसलेला पाण्याचा एक फाटा होता, त्याच्या पलीकडं बाभळींची राई. इथून दोन मिनिटांत पोहत जाता येईल एवढ्यावर. "तिथंच असणार. तिथून ही जागा दिसते. मी असतो तर तिथंच बसलो असतो. सूनबाई, माझ्या हाकेला तो येणार नाही. त्याला तुझा शब्द लागलाय. तू हाक मार. पाण्यावरून आवाज लांब जातो."

मी उभी राहिले. कापड माझ्या मुठीत होतं.

"मुलीला कोण हाक मारणार?" मी म्हणाले. "एक वर्ष झालं. तुम्ही माझ्याशी तिच्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. एक शब्द."

"नाही बोललो." ते माझ्याकडं वर बघत होते. मी उभी, ते खाली. "काय तोंडानं बोलणार होतो? तो थांबला होता. पिशवी खाली ठेवली होती त्यानं. मी म्हणालो, गाडी चुकेल. दुपारी तो निघाला होता, मी म्हणालो, थांब, लागतायत. चूक माझी आहे, त्याची नाही. मला काय बोलायचं ते बोल, जन्मभर बोल. पण त्याला हाक मार."

ज्याची वाट मी वर्षभर बघितली ते हेच होतं. कुणीतरी म्हणावं, चूक झाली. आणि ते ऐकल्यावर माझं मन मऊ होईल, असं मला वाटायचं. झालं उलटंच. एवढे दिवस दाबून ठेवलेला सगळा राग वर आला. म्हणजे हे तिकडं बसून मला बघणार, मी माशांना पोटातलं सांगते ते झाडामागून ऐकणार, आणि हाक मीच मारायची? मुलगी माझी गेली, आणि हाकही मीच मारायची?

पण खरं सांगायचं तर, त्या रागाच्या खाली नाव घशापर्यंत आलेलं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि उखाण्याशिवाय मी ह्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. आमच्यात घेत नाहीत. हाक मारायची म्हणजे नाव घ्यावं लागणार होतं, नुसतं 'अहो' एवढ्या पाण्यावरून गेलं नसतं. मी तोंड उघडलं. राईत काहीतरी हललं. वारा असेल, शेळी असेल. मला वाटलं, दुसरी हालचाल झाली तर हाक मारीन. मी थांबले. मामंजी माझ्याकडं बघत होते.

दुसरी हालचाल झाली नाही.

"चला," मी म्हणाले. "गाडी चुकेल."

हे शब्द माझ्या तोंडून कसे आले मला माहीत नाही. ठरवून म्हणाले नव्हते. मामंजींनी मान खाली घातली. काठ्या सोडल्या, पिसं पाकिटात घातली. सहांतल्या चार भाकऱ्या फडक्यात बांधून त्यांनी दगडावर ठेवल्या आणि वर एक धोंडा ठेवला. परत जाताना ते एकदाही थांबले नाहीत आणि एकदाही मागं वळले नाहीत. गाडीत बसल्यावर त्यांनी खिशातलं कॅलेंडरचं पान काढलं, पेन्सिल ओली केली, आणि 'येताना'च्या पुढं 'दोन' लिहिलं.

तीन दिवस मी कसेबसे काढले. चौथ्या दिवशी एकटी पहिल्या गाडीनं गेले. फडकं दगडावर होतं, झटकून चौघडी घातलेलं. भाकऱ्या नव्हत्या. मी राईत गेले. विझलेली चूल होती, बसून बसून चेपलेलं गवत होतं, आणि तिथून तो काळा दगड अगदी समोर दिसत होता. दगडावरच्या माणसाचे नाकडोळे दिसावेत एवढा. कलिंगडवाल्यानं सांगितलं, एक माणूस होता, कुणाशी बोलायचा नाही, पंचमीच्या संध्याकाळी गेला. मी राईत उभं राहून नाव घेतलं. दिगंबर. पहिल्यांदा हळू, मग मोठ्यानं. पाण्यावरून आवाज खरंच लांब जातो.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. चारा दोनच पुरचुंड्या, मोजून. पंचमीला मासे गळाला तोंड लावीनात. मामंजी म्हणाले, "आला होता." मी काठावर उभी राहून घसा बसेपर्यंत हाका मारल्या. कुणी आलं नाही. एका वर्षी मी धुळवडीच्या आदल्या दिवशीच जाऊन दोन दिवस राईत बसून राहिले. त्या दोन दिवसांत कुणी फिरकलं नाही. मी उठून आल्यावर चारा पडला. तोंड दाखवायचं नाही, हे त्यांनी पाळलं. राग होता की भीती होती, की कुठं दुसरा संसार मांडला होता, मला आजतागायत कळलं नाही. पण दर वर्षी धुळवडीला ते यायचे, आणि दर पंचमीला माझं पीस उभंच्या उभं राहायचं.

चौथ्या वर्षी मामंजी गेले. शेवटपर्यंत आम्ही दोघं बोलत होतो, मुलीबद्दलसुद्धा. तिचं नाव काय ठेवलं असतं, यावरून भांडायचो. मग मी घराच्या पुढच्या खोलीत खाणावळ काढली. बायका विचारायच्या, कशाच्या आधारावर कुंकू लावतेस गं? काय सांगणार? मासे जेवलेले असतात, म्हणून?

दहाव्या वर्षीची गोष्ट. चार दिवस दोन-दोन पुरचुंड्या टाकल्या. पहिल्या दिवशी बुडबुडे आले नाहीत. पाणी गढूळ आहे, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी थोडे आले, यायचे तसे.

पंचमीला सात वाजता मी कणकेची गोळी लावली आणि गळ टाकला. पीस उभं राहिलं. मी पदर खोचला, हाक मारायला तोंडाशी हात नेला, आणि पीस बुडालं.

अडकलं असेल, म्हणून मी ओढलं. दोरी हातातून सरसर गेली, काठी वाकली. कसाबसा मी तो काठावर आणला. रोहू होता, चांगला तीन शेरांचा. दगडावर आपटत होता, गळ त्याच्या ओठातून आरपार गेला होता. मी त्याच्यापुढं बसले. तो काढायचा कसा, हे मला माहीत नव्हतं. मामंजी म्हणाले होते, लागल्यावर सांगतो. दहा वर्षं मी गळ टाकत आले, आणि शिकायची वेळच आली नव्हती.